शिसं ओळखणारा प्रमोटर

तीस वर्षं बातमीदारी केली, तर घोटाळ्यांच्या फायली साचायला हव्या होत्या. माझ्याकडे किस्से साचले, आणि त्यातले चांगले सगळे संग्रामपूरकडच्या एका कॉलेजच्या लॅबमधले. तिथं इंगळे मॅडम आणि त्यांची विद्यार्थिनी वैशाली जिवाणूंमध्ये जनुकाचा एक तुकडा बसवत होत्या. पाण्यात शिसं असलं की तो तुकडा चालू होतो आणि परीक्षानळी लाल होते. वैशालीच्या गावात जुन्या बॅटऱ्या वितळवणारी भट्टी आहे. तिची आई शाळेत खिचडी शिजवते, त्या भट्टीमागच्या हापशाच्या पाण्यात. सरकारी रिपोर्ट म्हणतो, पाणी चांगलं. कोणी तपासलं ते विचारू नका. मी विचारून थकलो.

*

त्या तुकड्याला शास्त्रात 'प्रमोटर' म्हणतात. आमच्याकडे प्रमोटर म्हणजे वावरात चुना टाकून प्लॉट पाडणारा. कॉलेजचे शिपाई वामनभाऊ म्हणाले, "मॅडम, तुमचा प्रमोटर जागा किती घेते?"

"जनुकाची शंभरेक अक्षरं."

"मंग गरीबच हाये बिचारा."

*

पहिल्या वेळी शुद्ध पाण्यातही नळी लाल झाली. वैशाली रडकुंडीला आली. मॅडम माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काही नसतानाच बोंबलून राह्यला. पत्रकारावर गेला वाटते."

एकेक अक्षर बदलत दोघींनी सात महिने घालवले. मग तो शिसं असल्याशिवाय तोंड उघडेना. आमच्या धंद्यात हे अजून कोणाला जमलेलं नाही.

*

मी बातमी पाठवली. डेस्कवरच्या शहाण्यानं मथळा दिला, 'जिवाणूंच्या पोटात प्रमोटर'. सकाळीच एका प्लॉटवाल्याच्या बायकोचा फोन. "भाऊ, आमचे हे कालपासून घरी नाई आले. थेच का?"

*

वैशालीनं हापशाचं पाणी लॅबमध्ये आणलं. तीनदा तपासलं, तीनदा नळी लाल. आम्ही तालुक्याच्या साहेबांकडे गेलो. "जिवाणूचा रिपोर्ट आम्ही ग्राह्य धरत नाही," साहेब म्हणाले. मी टेबल वाजवून भांडलो. उपयोग शून्य.

वैशालीची आई भांडली नाही. दुसऱ्या दिवशी हापशाच्या दांड्याला साखळी, साखळीला कुलूप, किल्ली तिच्या कमरेला. शाळेत खिचडी शिजली नाही, तेव्हा साहेब जीप घेऊन आले.

"हापसा कोणाच्या सांगण्यावरून बंद केला?"

"प्रमोटरच्या."

साहेबांचा आवाज एकदम उतरला. "असं का? आधी सांगायचं ना, बाई."

दुपारी टँकर आला.