डाव्या बाजूचं माप

माझं उभं आयुष्य प्लास्टिकला गोलाई देण्यात गेलं. अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसून मी स्कूटरची तोंडं घडवतो. आधी आडवे छेद काढायचे, मग त्यांना जोडत जाणाऱ्या उभ्या, वळणदार रेषा. त्यांना गाइड कर्व्ह म्हणतात. त्या नेतील तसा पृष्ठभाग वळतो. आणि आमच्या धंद्यातली सवय अशी की अर्धीच बाजू काढायची, उरलेली आरशासारखी उलटवून घ्यायची. एक बटण दाबलं की काम फत्ते.

मागच्या वर्षी बायकोला कॅन्सर झाला, डावा स्तन काढावा लागला. ती बरी झाली, पण घराबाहेर पडेना. तयार मिळणारं पॅड तिला बसायचं नाही, हात वर केला की सरकायचं. ब्लाऊज शिवणारी बाई ती, पंचवटीतल्या कितीतरी बायका तिच्याकडे येतात, आणि स्वतः मात्र उन्हाळ्यातसुद्धा शाल घेऊन मशीनवर बसायची. भाचीचं लग्न वणीला ठरलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही एकटेच जाऊन या. सगळ्या जणी माझ्या छातीकडेच बघतील."

मला असा राग आला! तिचा नाही, त्या बघणाऱ्यांचा. म्हटलं, लोकांच्या स्कूटरींसाठी एवढं खपतो, मग घरच्या माणसासाठी का नको?

रविवारी सकाळी दार लावून घेतलं आणि सोल्डरिंगची मऊ तार तिच्या उजव्या बाजूवर वळवत मापं घेतली. तार गार होती. "अहो, गुदगुल्या होतात! जन्मभर मी दुनियेची मापं घेतली, आणि आता माझं माप घेणार हे!" कित्येक महिन्यांनी ती हसली. मी कॉम्प्युटरवर उजवी बाजू काढली, उलटवली, साचा प्रिंट केला, त्यात सिलिकॉन ओतलं.

ते घालून ती कपाटाच्या आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. "छान झालंय," म्हणाली, "पण हे माझं नाही."

"अगं, मिलिमीटरचा फरक नाही!" मी खेकसलोच. पंधरा दिवस खपलो होतो ना.

"उजव्याशी नसेल. डावं लहान होतं माझं, आणि जरा काखेकडे. सव्वीस वर्षं संसार केलात ना हो?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ठाऊक होतं की! ठाऊक असूनही सवयीनं ते मेलं बटण दाबलं होतं.

तिनं ट्रंकेतून एक जुना हिरवा ब्लाऊज काढला. छातीवर येतो त्या गोल तुकड्याला कटोरी म्हणतात. स्वतःच्या ब्लाऊजची डावी कटोरी ती कायम वेगळी कापायची, हे मला त्या दिवशी कळलं. तिनं कटोरीत कापूस ठासून भरला आणि म्हणाली, "आता या शिवणींवरून फिरवा तुमची तार."

शिवणींच्या झाल्या गाइड कर्व्ह. त्यातली एक छेदाला टेकेना, आणि टेकल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जाईना. मी ती ओढून ताणून जोडली, तर पृष्ठभागावर सुरकुती आली. बायको चहा घेऊन मागे उभी होती. "अशी ओढू नका हो. तिथे मी कापड जरा सैल सोडते, नाहीतर चुणी पडते." मी रेषा सैल केली. सुरकुती गेली. तीस वर्षांचा अनुभव घेऊन मी गपचूप चहा प्यायलो.

वणीला ती नव्यानं ओतलेलं पॅड लावून, तोच हिरवा ब्लाऊज घालून आली. हळद लावायला सगळ्यांत पुढे होती. पाठवणीच्या वेळी भाची तिच्या गळ्यात पडली, तेव्हा तिनंही पोरीला घट्ट धरून ठेवलं. मी तिची पर्स सांभाळत लांब उभा होतो.

परतताना गाडीत म्हणाली, "वयानं उजवी बाजू उतरत चाललीय. हे मात्र आहे तिथेच राहणार. दर दोन वर्षांनी नवीन करावं लागेल तुम्हाला."

ऑपरेशन झाल्यापासून पुढच्या तपासणीच्या पलीकडचं ती काही बोललीच नव्हती. दिंडोरीजवळ मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो.

"अहो, काय झालं? एवढं अवघड आहे का ते?"

"नाही गं," म्हटलं, "करीन की. म्हातारी होशील तोवर करीन."