बापूंची दुसरी आंघोळ

बापू चारठाणकर रोज सकाळी दोनदा आंघोळ करतात. पहिली पाच वाजता, देवासाठी. दुसरी नऊच्या सुमाराला, मांजरीसाठी. पहिल्या आंघोळीला स्तोत्र असतं, बादलीवर तांब्या आपटल्याचा आवाज असतो. दुसरी गुपचूप उरकते. सेलूतल्या आमच्या गल्लीला दोन्ही पाठ आहेत. दुसऱ्या आंघोळीचं पाणी मोरीतून नालीत आलं, की बायका म्हणतात, "काशीचं जेवण झालं."

मधल्या वेळात बापू गल्लीच्या टोकाच्या राममंदिरातली पूजा आटोपतात, सोवळं सोडून जुनं धोतर नेसतात आणि सूर्यभानच्या दुकानातून काळ्या पिशवीत कच्चं मांस घेऊन येतात. परसात पेरूखाली एक चपटा दगड आहे, एक सुरी आहे. दोन्हींना घरात यायची बंदी. बापू उकिडवे बसतात, कलेजी बारीक चिरतात, कोंबडीच्या मानेचे तुकडे करतात आणि वाटी काशीपुढं सरकवतात. सदुसष्ट वर्षांत ज्या माणसानं कधी अंडंही फोडलं नव्हतं, त्याची बोटं आता हाडाचा सांधा न बघता शोधतात.

काशी त्यांच्याकडं आली तेव्हा मुठीत मावत होती. कापसाच्या टेम्पोखाली तिचा मागचा पाय आला होता. पाय जुळला, पण आखूड राहिला. उंदरामागं धावणं तिच्या नशिबात नव्हतं. बापूंच्या बायकोनं, सुमंगलाबाईंनी, तिला दूधभातावर वाढवलं. कुणी आलं की त्या कौतुकानं सांगत, "आमच्या काशीला उंदीर माहीत न्हाई. शुद्ध शाकाहारी हाय."

दोन वर्षं हे कौतुक चाललं. मग काशी वाळायला लागली. दोन पायऱ्या चढली की धापा टाकायची. एके दिवशी ती भर उन्हात तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन आपटली, आणि बापूंच्या लक्षात आलं की तिला कट्टा दिसलाच नव्हता.

जनावरांच्या दवाखान्यात बापू एका म्हशीच्या आणि दोन शेळ्यांच्या मागं रांगेत बसले. मांडीवर टोपली, टोपलीवर पंचा. डॉक्टर धम्मशीला तिशीतल्या, हसऱ्या, पण बोलायला रोखठोक. त्यांनी काशीची छाती तपासली. मग खिडकीच्या जाळीत अडकलेला कापसाचा पुंजका काढला आणि तिच्या डोळ्यांपुढून खाली सोडला. पुंजका टेबलावर टेकला, तरी काशीची मान हलली नाही.

"कापूस पडताना आवाज करत न्हाई," डॉक्टर म्हणाल्या. "दिसला तरच मान वळते. हिला फार कमी दिसायलंय. खायला काय घालता?"

"दूधभात. तूपपोळी. एकादशीला भगर."

"एकादशीला मांजरीला उपास?"

"आमच्याकडं सगळ्यांनाच असतो."

डॉक्टरांनी हसू आवरलं. "बापू, मांजरीला जे लागतं ते भातात नसतं, मांसात असतं. ते मिळालं न्हाई म्हणून डोळे चाललेत, हृदय थकलंय. गोळ्या देते. पण खरं औषध खाटकाकडं हाय. कलेजी, दिल, मानेची हाडं. गेलेली नजर परत येईल असं सांगत न्हाई. राहिलेली वाचंल. पण आजपासून."

बापू टोपली घेऊन घरी आले. सुमंगलाबाईंनी सगळं ऐकलं आणि एकच सांगितलं, "माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाई."

बापू आयुष्यात पहिल्यांदा सूर्यभानच्या दुकानाची पायरी चढले. सूर्यभाननं सुरी खाली ठेवली, हात पुसले.

"बापू, पत्ता चुकला काय?"

"दिल आहे का?"

"हाय की. पण खाणार कोण?"

"काशी. आमची मांजर."

सूर्यभान गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाला, "घ्या! काशी यांच्या घरी, अन् यात्रा माझ्या दुकानात!" दुकान हसलं. बापू हसले नाहीत. पिशवी अंगापासून लांब धरून ते घरी आले.

आणि इथं त्यांनी चूक केली. पिशवीतली कलेजी, दिल, मानेची हाडं, सगळं कच्चं, तांबडं, ओलं, त्यांच्यानं बघवेना. सोवळ्याओवळ्यात मुरलेल्या त्यांच्या मनानं वाट काढली: अग्नीतून गेलं ते शुद्ध. परसात तीन विटा मांडून, जुन्या पातेल्यात त्यांनी सगळं अर्धा तास उकळलं आणि गार करून काशीपुढं ठेवलं. काशी अधाशासारखी तुटून पडली. बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्याच वेळात काशी पंजानं तोंड ओरबाडायला लागली. तोंडातून लाळ गळत होती, आवाज निघत नव्हता.

रिक्षानं दवाखाना गाठेपर्यंत बापूंचा हात टोपलीत होता. डॉक्टरांनी चिमट्यानं तिच्या घशातून हाडाची सुईसारखी एक कपची बाहेर काढली आणि उजेडात धरली.

"शिजवलं होतं?"

"शुद्ध व्हावं म्हणून..."

"कच्चं हाड वाकतं, बापू. चावलं की त्याचा भुगा होतो. शिजलं की काचेसारखं फुटतं." त्यांनी कपची बापूंच्या तळहातावर ठेवली. "तुमचं सोवळं अडकलं होतं तिच्या नरड्यात."

ती कपची बापूंनी फेकली नाही. परसातल्या कोनाड्यात ठेवली. तीन दिवसांनी काशीचा घसा बरा झाल्यावर ते पूजा आटोपून पेरूखाली बसले, कोनाड्याकडं एकदा पाहिलं आणि पिशवीत हात घातला. पहिला तुकडा कापायला त्यांना बराच वेळ लागला. काशीनं हुंगलं, मान वाकडी केली आणि कोंबडीच्या मानेचा तुकडा दाढेखाली धरला. कुर्र, कुर्र. स्वयंपाकघराच्या खिडकीत सुमंगलाबाई उभ्या होत्या. दोन वर्षांत त्यांनी आपल्या मांजरीचा जेवतानाचा आवाज कधी ऐकला नव्हता. वाटी चाटून लख्ख झाली. बापू उठले तेव्हा न्हाणीघरात गरम पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. पहिली दुसरी आंघोळ ती.

गोष्ट लपणारी नव्हती. आठव्या दिवशी मंदिराचे अध्यक्ष दत्तराव चार माणसं घेऊन बापूंच्या घरासमोर उभे राहिले. दत्तरावांचं खताचं दुकान आहे आणि आवाज दुकानापेक्षा मोठा.

"बापू, देवाला हार घालायचा त्याच हातानं हे करायलाव?"

"हात धुतो. आंघोळ करतो. मग नैवेद्याला शिवतो."

"लोकं बोलायलेत. एका मांजरीपायी देवाची सेवा घालवायलाव. पुजारी दुसरा बघावा लागंल."

बापूंनी कमरेची किल्ली काढली. ती पुढं धरली. "तीस वर्षं देवाचं दार उघडलं. काशीनं तर अजून धड जग बघितलं न्हाई. किल्ली घ्या. मांस बंद होणार न्हाई."

तेवढ्यात सुमंगलाबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"दत्तभाऊ, हे मांस खात न्हाईत. नुसतं शिवतात, तरी दोनदा आंघोळ करतात. तुमी जिंतूर रोडच्या ढाब्यावरून आल्यावर कितीदा करता?"

मागच्या चारांतले तिघं हसले. चौथा ढाब्यावर सोबत असायचा, त्यानं मान खाली घातली.

दत्तराव लाल झाले. "वैनी, जिभेला आवर घाला." मग बापूंच्या हाताकडं बघून म्हणाले, "किल्ली ठेवा. संक्रांतीला बघू. मांजर सुधारली तर माझं काही म्हणणं न्हाई. न्हाई सुधारली तर एक तर हे बंद, न्हाई तर किल्ली."

दोन महिने होते. बापूंनी ते कॅलेंडरवर मोजले नाहीत, काशीच्या अंगावर मोजले. आधी धाप कमी झाली. मग बरगड्या झाकल्या. मार्गशीर्षात केसांना तकाकी आली. पण डोळ्यांचं काही कळत नव्हतं. ती वासावर चालते की नजरेवर, हे बापूंना सांगता येईना, आणि कापूस सोडून बघायची त्यांची छाती होईना.

संक्रांतीच्या सकाळी पूजा झाली, काशीचं जेवण झालं, बापू तिला उचलून मंदिरासमोर आले, आणि त्यांनी बोलावलेल्या डॉक्टर धम्मशीलांची स्कूटी तिथं थांबली. दत्तराव तिळगुळाची पिशवी घेऊन आधीच कट्ट्यावर बसले होते. गल्ली आपापल्या दारात. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याकडून वारं होतं, आणि त्या दिवसांत सेलूच्या हवेत कापसाची म्हातारी उडतेच. डॉक्टरांनी झेंडूच्या झाडावर अडकलेला एक पुंजका उचलला.

"धरू नका तिला, बापू. मोकळी सोडा."

काशी फरशीवर बसून पंजा चाटत होती. डॉक्टरांनी तिच्या डोक्यावरून हात लांब केला आणि बोटं उघडली.

काशी चाटायची थांबली. पुंजका वाऱ्यानं डावीकडं सरकला, तिची मान डावीकडं गेली. तो वर उचलला गेला, तिची मानही वर गेली. मग त्या आखूड पायावर भार देऊन तिनं उडी मारली, पुंजका हवेतच दोन्ही पंजांत पकडला आणि तसाच तोंडात धरून मंदिराच्या ओट्यावर चढली. तीन पायऱ्या. धाप नाही.

"बघितलं!" सूर्यभान ओरडला. तो दुकान बंद करून केव्हा आला होता कुणास ठाऊक. "माझ्या दुकानाचा माल हाय तो!"

सुमंगलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. बापू ओट्याला टेकून उभे राहिले, आणि कमरेची किल्ली एकदा चाचपून पाहिली.

दत्तरावांनी सगळ्यांच्या हातावर पानात ठेवून तिळगुळाची वडी दिली. बापूंपाशी आल्यावर आवाज खाली आणला. त्यांचा खालचा आवाजही गल्लीला ऐकू जातो.

"आमच्या नातीचंबी एक पिल्लू हाय. दूधभातच खातंय. ते... कच्चंच घालायचं ना?"

"कच्चंच. उद्या नऊला परसात या. सुरी कशी धरायची दाखवतो."

दत्तरावांनी मान हलवली. बापूंनी तिळगूळ तोंडात टाकायला हात उचलला, बोटांकडं पाहिलं आणि थांबले. वडी पानासकट सुमंगलाबाईंच्या हातात देत म्हणाले, "अगं, पाणी काढ. माझी दुसरी राहिलीय."