अहो, दूध बघा

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना तो वरून हाक द्यायचा, "घाबरू नका, आलोच!" घरातही उत्तर तेच. बायकोनं त्याचं नावच 'आलोच' पाडलं होतं, कारण तो कधी लगेच येत नसे.

सकाळी दोघं प्रार्थना म्हणत. एक ओळ तिची, पुढची त्याची. नवा फोन घेतला तेव्हा, आवाज कसा येतो बघू म्हणून, त्यानं तो रेकॉर्डिंग लावून तिच्यापुढं ठेवला होता. त्याच्या ओळी त्यात जेमतेम आल्या, तिच्या खणखणीत.

ती गेल्यापासून तो फोन भिंतीला टेकवून बसतो. ती म्हणते, तो ओळ जोडतो. आणि मधेच, देवाला तसंच ताटकळत ठेवून, ती ओरडते, "अहो, दूध बघा! उतू चाललंय!" तो "आलोच" म्हणतो, उठतो, कोरड्या शेगडीकडे बघून येतो. गुडघे कुरकुरतात. त्याची देवावर फारशी भिस्त नव्हती कधी. पण हाक आली की जायचं, एवढं त्याला कळत होतं.

मुलगी चार दिवस राहायला आली.

"बाबा, हे काय ऐकता? पंख्याची घरघर, भांडी, वर आईचं दूध!" हसता हसता तिचे डोळे भरले. संध्याकाळी तिनं फोन परत दिला. "आता ऐका. अ‍ॅपनं सगळा गोंगाट काढलाय. फक्त प्रार्थना."

"आणि आधीचं?"

"पुसलं. फोन गच्च भरला होता तुमचा. का हो?"

"काही नाही. छान केलंस, बाई."

पोरीनं हौसेनं केलेलं.

मुलगी परत गेली. सकाळी आवाज लख्ख आला, जणू बायको कुठल्याच घरात बसलेली नव्हती. दुधाची ती जागा आली, आणि बायको न थांबता पुढं गेली. त्याची ओळ चुकली.

दुसऱ्या दिवशी त्यानं आधी दूध चढवलं, आच मोठी केली आणि येऊन बसला. दूध वर येत असणार, हे त्याला कळत होतं. मांडी मोडून तो अर्धा उठलाही, पण थबकला. बोलावल्याशिवाय कधी गेला होता तो?

तिच्या ओळी चालूच होत्या. करपल्याचा वास खोलीभर झाला.

"आलोच," तो म्हणाला, आणि बसून राहिला.