टेप घेऊन आलेली माणसं

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे. तळीयेवर दरड कोसळली तेव्हापासून जमिनीचे दलाल इकडे घिरट्या घालतात. इथं राहणं धोक्याचं, विकून मोकळे व्हा म्हणतात. म्हणून शूटिंगला आलेल्या पिक्चरवाल्यांच्या एका पोराने माझ्या बांधावर टेप ताणली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

तो म्हणाला, "काका, कॅमेऱ्यापासून हिरोईनच्या नाकापर्यंतचं अंतर घेतोय. नाहीतर चेहरा धूसर येतो."

"नाक मोजायला एवढी लांब टेप लागते काय रे? मी हितून हलणार नाय."

शूटिंग संपेपर्यंत हललो नाही.

पिक्चर महाडला लागला तेव्हा सगळी वाडी टेम्पो करून गेली. प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट होती. हिरो तिला मागणी घालतो, तर मागे बांधावर मी, कमरेवर हात, डोळे वटारलेले. ती रुसते, तरी मागे मीच. मी दिसलो की थिएटर हसून लोळायचं. बायकोने तर तोंडात पदर कोंबला होता. तेव्हापासून मी काही विचारलं की लोक आधी हसतात.

गेल्या आठवड्यात पुन्हा दोन माणसं टेप घेऊन आली. वाडीने त्यांना चहा पाजला. पोरी पावडर लावून बांधावर उभ्या राहिल्या. त्या दोघांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत आमची सगळी शेतं मोजली.

"कॅमेरा कुठाय?" मी विचारलं.

सगळी वाडी हसली.