सहा तुकड्यांचा आयत

लातूरकडून मी खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर आलो, ते शाळेच्या नव्या खोलीत फरशी बसवायला. सहावीतून शाळा सोडलेला माणूस मी. वर्गाच्या दारातून आत जायचं म्हटलं की अजूनही कुणी उभं करून काही विचारील की काय असं वाटतं.

पण तिथले गुरुजी भले. दुपारच्या खिचडीला मला हाक मारायचे, पोरांच्या पंगतीत माझं ताट मांडायचे. परक्या मुलखात एवढं कोण करतं? म्हणून त्यांनी एक काम सांगितलं तेव्हा मी आधी हो म्हणालो आणि मग घाबरलो.

पहिली-दुसरीच्या पोरांसाठी त्यांच्याकडे पुठ्ठ्याचं कोडं होतं. सहा वेगवेगळे तुकडे, ते जुळवून आयत करायचा. इथल्या ओलीनं पुठ्ठे फुगून वाकडे झालेले.

"मिस्त्री, उरलेल्या टाइलचे एवढे कापून द्या. शनिवारी तपासणीला साहेब येतायत, त्यांच्यासमोर हेच घेणार आहे."

मी पुठ्ठे ठेवून आखले, कटरनं कापले, पोरांच्या बोटांना लागू नये म्हणून एकेक कड घासली. जुळवून मात्र पाहिलं नाही. मापात माझी चूक होत नाही, एवढा एक माज होता अंगात.

शनिवारी साहेब खुर्चीत बसले, पोरं जमिनीवर. पाच तुकडे बसले. सहावा, एक बाजू तिरकी असलेला, काही केल्या बसेना. कसाही फिरवा, तिरकी बाजू भलतीकडेच.

"मिस्त्री, जरा बघा हो," गुरुजी म्हणाले.

मी गुडघ्यांवर बसलो. माप बरोबर, कड बरोबर, अन् बसत नाही!

"मिस्तरीलाच येत नाय!" एक पोरगा ओरडला. सगळी हसली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझं काय, मी दोन दिवसांत निघून जाणार. पण माझ्यापायी गुरुजींची मान खाली जाणार, हे सोसेना.

तेवढ्यात दुसरीतली एक मुलगी सरकत पुढं आली. माझ्या हातातला तुकडा घेतला, खडबडीत पाठ वर करून पालथा घातला आणि दाबला. बसला!

"अगं, चकचकीत बाजू खाली गेली की," मी म्हणालो.

"मंग? बसला ना!"

तेव्हा कुठं उजेड पडला. शेवटच्या तुकड्याला मार्कर संपला होता. चकचकीत बाजूवर पेन्सिल उठत नाही, म्हणून तो मी पाठीवर आखला होता, म्हणजे चकचकीत बाजूनं तो आरशातल्यासारखा उलटा झाला. पण टाइल पालथी कोण बसवतं? फरशीच्या कामाच्या अठरा वर्षांत हा विचार माझ्या हाताला शिवला नव्हता.

"साहेब, चूक माझी. उलटा कापला म्या."

साहेब हसले. "राहू द्या तसाच. सुलट असता तर हिनं एवढं डोकं कशाला चालवलं असतं?"

"अशीच अजून चार कोडी द्या मिस्त्री," गुरुजी म्हणाले. "प्रत्येकात एक तुकडा पालथा."

पोरीनं तोवर सगळं मोडून तुकडे माझ्यापुढं ढकलले. "आता तू लाव."

मी लावायला लागलो. सहाव्या तुकड्याला माझा हात सवयीनं चकचकीत बाजू वर करू लागला, तशी सगळी खोली ओरडली, "पालथा! पालथा!" केला पालथा. खट्‌कन बसला. असा गलका उठला की शेजारच्या वर्गातली पोरं दारात गोळा झाली, आणि मी साहेबांसमोर दोन्ही हात वर करून पोरांसारखाच ओरडत होतो.