निर्दोष उत्तर नाकारणाऱ्या प्रज्ञाताई

प्रज्ञाताईंचे प्रथम दर्शन मला त्यांच्या चरणांपासून घडले, ही भक्तीची अतिशयोक्ती नव्हे. यवतमाळच्या आमच्या संशोधन केंद्रात मी तांत्रिक लेखक म्हणून रुजू झालो, तेव्हा त्या शीतयंत्राखाली उताण्या होत्या. मी सालंकृत स्वपरिचय आरंभला. खालून आवाज आला, “भाऊ, तो पाना द्या इकडे, मंग बोला.”

बाभुळगावच्या या कन्या क्वांटम संगणकाच्या सिस्टीम आर्किटेक्ट आहेत. म्हणजे शीतयंत्र, तारा, नियंत्रक आणि आज्ञावली या परस्परांशी अबोला धरणाऱ्या मंडळींना एका संसारात नांदवणाऱ्या.

गेल्या वर्षी, केंद्र यवतमाळात ठेवावे की महानगरात हलवावे, हे ठरवण्यास एक समिती येणार होती. आमची घरे, मुलांच्या शाळा, सारेच पणाला लागले होते. समिती येण्याच्या दिवशी सकाळच्या चाचणीत यंत्राने प्रत्येक उत्तर अचूक दिले. संचालकांनी तत्काळ पेढे मागवले. ताई मात्र पडद्याकडे साशंक मुद्रेने पाहत राहिल्या.

“हे आपलं यंत्र नाही, सर. ते इतकं गुणी नाही.”

कोणतेही क्वांटम यंत्र अद्याप चुकतेच. सरावासाठी जोडलेला साधा संगणक काढायचे आम्ही विसरलो होतो, आणि तोच यंत्राच्या नावे उत्तरे देत होता. खरे यंत्र जोडताच दोष यथासांग अवतरले.

“ताई, राहू द्या ना तेच! समितीले काय समजते?” संचालक कळवळले.

“मले समजते ना.”

समितीपुढे त्यांनी खरे यंत्र चालवले, कोणती चूक कुठून उद्भवते ते दाखवले, आणि सकाळचा घोटाळाही सांगितला. “जोडणी तपासणं माझं काम होतं,” एवढेच म्हणाल्या. आमच्यापैकी कुणाचे नाव त्यांच्या मुखी आले नाही. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि दुपारभर फक्त चुकांविषयीच विचारले. केंद्र आज यवतमाळातच आहे. पेढेही वाया गेले नाहीत.

इथवरचा मजकूर वाचून ताई निश्चित विचारतील, “भाऊ, हे कोण्या यंत्राचं उत्तर आहे?” तस्मात् विश्वासार्हतेस्तव एक दोष नोंदवतो. ताई सर्वांसाठी अंबाडीची भाजी आणतात, आणि तीतील मिठाचे प्रमाण प्रथम घासापर्यंत सर्वथा अनिश्चित असते. माझी पत्नी रुग्णालयात होती, तेव्हा तीच भाजी रोज आमच्या दारी येत असे. मी कणही टाकला नाही.

साठी पूर्ण करणाऱ्या ताईंना निरामय दीर्घायुष्य लाभो, आणि मीठ कितीही पडो, तो भाजीचा डबा आमच्यापर्यंत पोहोचत राहो.