न धुतलेली रांग

धूळ जपण्यासाठी मला पगार मिळायचा. हे आता सांगितलं की लोक हसतात. अजमानमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तर धूळ फुकट होती, त्यामुळे तिथले शेजारी जरा जास्तच हसले असते. शारजाजवळच्या एका विद्यापीठात आमची प्रयोगशाळा विजेवर चालणाऱ्या छोट्या बसवर काम करत होती. ती बस हॉस्टेलपासून गेटपर्यंत मुलांची ने-आण करायची आणि पार्किंगच्या छपरावरच्या सोलर पॅनेलवर चार्ज व्हायची. पॅनेलच्या दोन रांगा होत्या. एक दर आठवड्याला धुवायची, दुसरीला वर्षभर पाण्याचा थेंब लावायचा नाही. धुळीमुळे किती वीज बुडते आणि बस किती कमी धावते, हे त्या दोघींच्या फरकावरून काढायचं होतं. न धुतलेली रांग माझ्या ताब्यात होती. उन्हाळ्यातली वादळं तिच्यावर येऊन बसली, मग थंडीतल्या दवानं त्या धुळीचा चिखल झाला आणि वाळून त्याचा थर बसला. मी रोज छपरावर चढून तो थर बघायचे आणि मला खरंच बरं वाटायचं.

त्या वर्षी बरं वाटावं असं दुसरं काही नव्हतं. मंदी आली आणि दुबईतल्या क्रेन होत्या तिथेच थांबल्या. माझा नवरा एका बांधकाम कंपनीत साइट मॅनेजर होता. जुमेरा लेक टॉवर्समधलं तिचं ऑफिस बंद झालं, तो घरी बसला, त्याचा व्हिसाही गेला. मग मी त्याला आणि मुलीला माझ्या व्हिसावर घेतलं. "आता मॅडम आमच्या कफील," असं तो शेजाऱ्यांना हसून सांगायचा. कफील म्हणजे ज्याच्या भरवशावर तुम्ही त्या देशात राहता तो. ते हसणं खोटं आहे हे मला कळायचं, आणि शेजाऱ्यांनाही.

मुलगी दहावीत होती, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. माझं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीअखेर संपणार होतं. ते वाढलं नाही तर महिन्याभरात तिघांनी गाशा गुंडाळायचा, परीक्षा असो नाहीतर आणखी काही. प्रकल्पाला पैसे देणारी कंपनी हात आखडता घेत होती, पण जानेवारीअखेर पुरं होणाऱ्या वर्षाची सलग नोंद मिळाली तर पुढची मुदत देऊ, असं तिनं कबूल केलं होतं. म्हणजे आमचं सगळं घर त्या धुळीवर उभं होतं.

नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याची नोकरी गेल्यावर सुरुवातीला मी जेवताना लॅबच्या गोष्टी सांगायला जायचे. तो ताटातला भात चिवडत बसायचा. मग मी सांगणंच बंद केलं. भाजी काय आणायची, मुलीचा क्लास किती वाजता, एवढंच बोलायचं. मला वाटायचं, मी त्याला जपते आहे. तो दिवसभर घरात काही ना काही घासत असायचा. बाथरूमच्या टाइल्स, गॅलरीचे गज, गाडी. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

जानेवारीत निरोप आला की कंपनीचे लोक काम बघायला येणार आणि त्यांच्यासोबत एक बडे पाहुणेही असणार. तिकडे मोठा माणूस येणार म्हटलं की रस्त्याकडेचे दगड रंगवतात आणि झाडांची पानंसुद्धा पुसतात. आदल्या दिवशी दुपारी नवरा मला न्यायला आला. मी आत प्रोफेसरांबरोबर उद्याच्या भाषणाची तालीम करत होते. सफाईची निम्मी माणसं मंदीत कमी केलेली, त्यामुळे बाहेर सुपरवायझरची नुसती पळापळ. 'धुऊ नये' असा माझ्या हातचा पुठ्ठ्याचा बोर्ड त्यानं सकाळीच काढून टाकला होता. पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही म्हणून.

मी बाहेर आले तर नवरा पार्किंगमध्ये उभा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, शर्ट भिजलेला, हातात पाण्याचा पाइप. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा इतका खुललेला दिसत होता.

"बघ! मागच्या लाइनवर कसली घाण साचली होती. ब्रश मारला तेव्हा कुठे निघाली. तुमच्या लोकांना डोळे आहेत की नाही?"

"मॅडम, सर ने तो कमाल कर दिया," सुपरवायझर म्हणाला. "एकदम साइटवाला आदमी. यल्ला, चलो बोला, और सब लग गये काम पे."

मी वर पाहिलं. दोन्ही रांगा सारख्याच चमकत होत्या. मी म्हणाले, "छान झालं."

प्रोफेसर जॉर्डनचे होते. ते छपरावर जाऊन आले आणि पायरीवर बसले. "खलास," म्हणाले. कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. माहीत नाही, असं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी बसमधून चक्कर मारली, खजूर खाल्ले, वर्षाची नोंद मागितली, ती अपुरी राहिल्याचं ऐकलं आणि "इन्शाल्ला" म्हणून गेले. महिनाअखेर प्रकल्प बंद झाला. घरी मी सांगितलं, मंदी आहे, सगळ्यांचंच जातंय.

"बट व्हॉट अबाउट माय बोर्ड्स, आई?" मुलगी म्हणाली. तिचं वर्ष बुडणार होतं. आम्ही दोघं तिच्याकडे न बघता सामान बांधत राहिलो.

शेवटच्या दिवशी नवरा माझी खोकी उचलायला आला. प्रोफेसरांनी त्याचा हात हातात घेतला. "युवर वाइफ डिड एव्हरीथिंग राइट. इफ ओन्ली दे हॅड नॉट वॉश्ड दॅट सेकंड रो."

तो इंजिनियर होता. त्याला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

अजमानचा रस्ता लागला. मग त्यानं गाडी कडेला घेतली.

"मुद्दाम धुतली नव्हती?"

"हो."

"आणि तू छान झालं म्हणालीस."

"तुझं तोंड बघून म्हणाले."

"ते सोड. आधी का नाही बोललीस? वर्षभर? माझी नोकरी गेली होती गं, डोकं नव्हतं गेलं." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मीही भांडले असते. "एकदा सांगितलं असतंस तर त्या धुळीची राखण करत बसलो असतो मी. दुसरं काम काय होतं मला?"

मी गप्प बसले. तेवढंच मला चांगलं जमत होतं.